टाके मुलाचेच राहू द्या

आपल्याकडे हाताने शिवलेली वस्तू वरून खाली येते. बाळ यायच्या आधी आजी जुन्या लुगड्याचं दुपटं शिवून ठेवते, मग कुंची, मग झबलं. दप्तराचा बंद उसवला तर आई टाका घालते. लेक सासरी निघाली की बरोबर गोधडी. उलट दिशेने, म्हणजे लेकराकडून आईबापाकडे, जे जातं ते बहुतेक विकतचं असतं: पहिल्या पगाराची साडी, मनगटी घड्याळ, मोबाइल, आणि लेकरू आमच्यासारखं परदेशी जाऊन बसलेलं असेल तर विमानाचं तिकीट. यात वाईट काही नाही. पण मुलाने स्वतः शिवलेली आणि बापाने रोजच्या वापरात ठेवलेली एक तरी वस्तू घरात आहे का, असं मी इथल्या-तिकडच्या मित्रांना विचारत असतो. भेटकार्डं निघतात, कागदाचे गुलाब निघतात, तेही कपाटाच्या वरच्या कप्प्यातून.

माझ्याकडे एक वस्तू आहे. चष्म्याचं घर. करड्या रंगाच्या जाड फेल्टचा वीतभर तुकडा मधोमध दुमडलेला, दोन बाजू लाल दोऱ्याने ब्लँकेट टाक्यात शिवलेल्या, तोंडाशी एक बटण. बटणाचं काज एवढं मोठं आहे की ते लावलं तरी निसटतं, म्हणून मी लावत नाही. पहिल्या बाजूच्या टाक्यांत कुठे बोट जाईल अशी फट आहे, कुठे एकदम दाटी, आणि कोपऱ्यावर तर दोऱ्याचा गुंताच. दुसरी बाजू मात्र बऱ्यापैकी सरळ. शिवणारा एकच, माझा आठ वर्षांचा मुलगा. पहिली बाजू संपून दुसरी सुरू होईपर्यंत त्याच्या हाताला जे कळलं, ते तिथे लाल दोऱ्यात दिसतं. त्याच्या प्रगतिपुस्तकापेक्षा मी हीच वस्तू जास्त वेळा निरखतो.

आम्ही ड्रेस्डेनला राहतो. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो, मुलगा इथल्या सरकारी शाळेत तिसरीत आहे. सॅक्सनी राज्यात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते. वेळापत्रकात 'वेर्केन' हा हातकामाचा तास मुलगा-मुलगी सगळ्यांना असतो. दुपारी शाळा सुटली की बरीचशी मुलं 'होर्ट'मध्ये जातात. पाळणाघर आणि छंदवर्ग यांच्या मधलं काहीतरी म्हणा. नोव्हेंबर संपत आला, चार वाजताच अंधारून यायला लागलं, की होर्टमध्ये टेबलांवर कात्र्या, डिंक, लोकर, कागद आणि फेल्ट येतं. नाताळात आईबापाला द्यायच्या वस्तू तिथेच तयार होतात. चष्म्याच्या घरासाठी बाईंनी फक्त कागदी नमुना दिला होता. आखणं, कापणं, सुईत दोरा ओवणं, गाठ मारणं, सगळं मुलांचं.

या कामाला फेल्ट निवडतात त्याला कारण आहे. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं यांनी ते तंतू एकमेकांत असे अडकतात की परत सुटत नाहीत. काश्मिरी नमदा असाच होतो. आपलं घोंगडं मागावर विणतात, त्याला ताणाबाणा असतो, चिंचोक्याची खळ लागते. फेल्टच्या वाटेला यातलं काही येत नाही. त्यामुळे कापलं तरी दशा निघत नाहीत, कड दुमडावी लागत नाही, सुलटं-उलटं बघावं लागत नाही. मुलाची कात्री वाकडी गेली तर वस्तू फक्त वाकडी होते, फुकट जात नाही. (हातकामाच्या दुकानात स्वस्तात मिळतं ते बहुधा पॉलिएस्टरचं असतं. शिवायला तेही चालतं. बोटांना मात्र फरक लगेच कळतो.)

होर्टमधून पालकांना एक सूचना आली होती: वस्तू पुरी झाली नाही तर अर्धवटच घरी येईल, घरी पुरी करून देण्यासाठी मागू नये. वाचून माझ्यातला मराठी पालक दचकला. कारण आपल्याकडे नेमकं उलट चालतं. माझी चुलत बहीण कोल्हापुरात असते. तिच्या मुलीला दुसरीत 'टाकाऊतून टिकाऊ' करून आणायला सांगितलं होतं. रात्री अकराला बहीण ग्लू गन घेऊन बसलेली आणि मुलगी गाढ झोपलेली, असा फोटो तिच्या नवऱ्याने घरच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी वहीत 'खूप सुंदर' असा शेरा आला. तो कुणाला मिळाला हे बाईंना माहीत होतं, बहिणीला माहीत होतं, आणि मुलीला तर सगळ्यात आधी माहीत होतं. ज्या घरात रात्री अकरापर्यंत जागायला वेळ नाही त्यांच्यासाठी शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार सौरमाला आणि तयार जलचक्र मिळतं. कार्यानुभवाच्या रकान्यात श्रेणी भरली जाते. मातृदिनाला शाळेतून जी 'मुलांनी बनवलेली' वस्तू येते तिचा तर प्रत्येक नग दुसऱ्यासारखा हुबेहूब असतो, कारण कापणं-चिकटवणं मोठ्यांनी उरकलेलं असतं आणि मुलाने फक्त नाव घातलेलं असतं.

मुलाने आपल्या हाताने काहीतरी शिवावं आणि ते आईबापाने वापरावं, ही गोष्ट शाळेने गणिताइतक्या गांभीर्याने घ्यावी, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यासाठी जर्मनीचं कौतुक करायची मुळीच गरज नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. तिचा पायाच हातकाम होता. कोल्हापूरकडच्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांच्या पाटीवर अजून 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' असं लिहिलेलं असतं, ते त्याच विचाराचं उरलेलं नाव. माझ्या वडिलांनी अशाच एका शाळेत टकळीवर सूत कातलेलं आहे. 'श्यामची आई'मध्येही पत्रावळ लावायला शिकण्याची एक अख्खी रात्र साने गुरुजींनी लिहिली, आणि शिकणारा मुलगा आहे, मुलगी नव्हे. मग टकळी गेली, पाटी राहिली. का गेली याची कारणं अभ्यासक सांगतील. मला एक कारण घरातूनच माहीत आहे: हातकाम करणाऱ्या आईबापांनाच ते आपल्या मुलांसाठी नको होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, गडहिंग्लजला शिंपीकाम करायचे. जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म, मग दिवाळी, मग लग्नसराईचे कोट आणि सफारी. रेडीमेड आलं तसं शिवणं आटत गेलं आणि शेवटी पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं एवढंच उरलं. गेल्या उन्हाळ्यात ते इथे आले होते. येताना चेक-इनच्या बॅगेत, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून, स्वतःची कात्री घेऊन आले. का, असं विचारलं तर म्हणाले, "लागली तर?"

नातवाने त्यांच्या हातात ते चष्म्याचं घर दिलं. आप्पांनी आधी ते दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तिरकं ओढलं. कापड हातात आलं की उरेब बघायची, ही जन्माची सवय. उरेब सापडेना. मग कड अंगठ्याने चोळली आणि चेहरा उजळला. "हे तर कोटाच्या कॉलरखाली लावतोय की आमी!" खरंच आहे. चांगल्या शिवलेल्या कोटाची कॉलर उलटी करून पाहा, खाली अशीच दशा न निघणारी लोकरीची पट्टी असते. मग त्यांनी घर उलटं केलं, आत डोकावले. "शिवण आतनं बघायची असती. भायरनं सगळंच ब्येस दिसतंय." आतल्या गाठी तपासल्या, आणि ज्याला त्यांची मराठी जेमतेम निम्मी कळते त्या नातवाला सांगितलं, "गाठ पक्की हाय. टाका वडताना हात जरा ढिला सोड." वा वा नाही, किती गोड नाही. मुलगा मात्र दिवसभर हवेत होता. तोवर त्याच्या कामाचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं; तपासलं कुणीच नव्हतं.

हेच आप्पा मला लहानपणी सुईला हात लावू देत नसत. मशीनवर बसलो तर पट्टी उगारायचे. त्यांना स्वतःला नवव्या वर्षी मामाच्या दुकानात काज-बटणाला बसवलं होतं. अंगुस्तान बोटाला मोठं व्हायचं, म्हणून आत चिंधी कोंबून घालायचे. सातवीत शाळा सुटली. त्यामुळे माझ्या हातात पेन आणि फक्त पेन, हा त्यांचा हट्ट होता, आणि तो पुरा झाला. मी आज अशा कारखान्यात आहे जिथे सिलिकॉनच्या तीनशे मिलिमीटर व्यासाच्या चकत्या बंद डब्यांतून छताखालच्या रुळांवरून फिरतात, आणि माणसाचा हात कशालाही लागू नये यासाठी सगळा आटापिटा चाललेला असतो. आप्पांच्या हट्टाला याहून मोठं यश मिळणं कठीण.

योगायोग असा की हे शहर एकेकाळी शिलाई मशीनचं होतं. क्लेमेन्स म्युलर यांनी ड्रेस्डेनमध्ये १८५५ पासून शिलाई मशीन बनवली. झायडेल उंड नाउमान ही कंपनी १८६८ ची, तिची मशीन आणि पुढे 'एरिका' टाइपरायटर जगभर गेले. एल्बे नदीच्या काठी, आल्बर्ट पुलाजवळ, शनिवारी जुन्या बाजाराच्या वस्तू मांडतात. तिथे आप्पांना एक नाउमान दिसली. पितळी अक्षरं झिजलेली, बॉबिनचं झाकण गायब. त्यांनी चाकाला हात घातला, दोनदा फिरवलं, वाकून कान लावला आणि विक्रेत्याला अस्सल गडहिंग्लजी मराठीत सांगितलं, "त्याल घाल, चालतीया अजून." त्या गृहस्थांनी मान डोलावली. काय कळलं कोण जाणे.

तर आप्पांची नऊ वर्षांची बोटं डोळ्यांपुढे असताना 'मुलांच्या हाताला काम द्या' असं सरसकट म्हणवत नाही. ड्रेस्डेनचा इतिहासही ते म्हणू देत नाही. इथला नाताळचा बाजार, श्ट्रीत्सेलमार्क्ट, १४३४ पासूनचा; जर्मनीतल्या सर्वांत जुन्या नाताळ बाजारांत त्याची गणना होते. आज तिथे पर्यटकांची झुंबड असते. एकोणिसाव्या शतकात तिथे गरिबांची पोरं थंडीत कुडकुडत घरी केलेली खेळणी विकत उभी राहायची. लुडविग रिश्टर या ड्रेस्डेनच्याच चित्रकाराने १८५३ मध्ये लाकडी ठशाच्या चित्रात अशी दोन मुलं दाखवली आहेत. सुकवलेल्या आलुबुखारांचा, कागदी टोपी घातलेला 'फ्लाउमेनटोफेल' हा बाहुला आजही बाजारात मिळतो. तो मूळचा धुराडी साफ करणाऱ्या पोरांची आठवण. आता तो गोंडस दिसतो, एवढंच.

भारतात १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वच धंद्यांत कामाला ठेवण्यावर बंदी आली. मात्र घरच्या उद्योगात, शाळेच्या वेळेबाहेर, धोक्याचं नसेल असं काम करण्याची सूट राहिली. 'कुटुंबा'च्या व्याख्येत तिथे आईचा भाऊही बसतो. म्हणजे आप्पांच्या मामाचं दुकान आजच्या कायद्यातही शाळा बुडवेपर्यंत सुखाने चाललं असतं. ही सूट मला मान्य नाही, आणि हातकामाचे गोडवे गाणाऱ्यांनी ती आधी नीट वाचावी असं मला वाटतं.

पण दोन्हीकडे सुई आहे म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. मामाच्या दुकानातलं काज गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचं होतं, किती करायची ते मामा ठरवायचा, आणि कंटाळा आला तर उठायची सोय नव्हती. माझ्या मुलाने एकच वस्तू केली, कुणासाठी ते त्याला ठाऊक होतं, आणि मध्ये दोन दिवस सोडून तो फुटबॉलही खेळून आला. आप्पांना नको होती ती पहिली गोष्ट. तिच्या भीतीने आपण दुसरीही घराबाहेर काढली.

मुलाने शिवण शिकावं याला आमच्याकडे दुसरीही हरकत निघाली. एका नातलग बाईंनी फोनवर विचारलं, "मुलगाय ना? मग शिवण कशाला?" संत नामदेव शिंपी होते, याची त्यांना आठवण करून द्यावी लागली. वारीला दरवर्षी जाणाऱ्या बाई.

फेल्टची भेट म्हटली की जर्मनीत एक नाव निघतंच: मार्गारेटे श्टाइफ. दक्षिण जर्मनीतल्या गिंगेन गावात १८४७ साली जन्म. तान्हेपणीच पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले, उजवा हात कायमचा दुखरा राहिला. तरी शिवण शिकल्या; मशीनचं चाक उजव्या हाताने फिरवणं जड जाई, म्हणून मशीनच उलटं फिरवून डाव्या हाताने चालवायच्या. १८७७ मध्ये त्यांनी फेल्टच्या कपड्यांचा छोटा धंदा काढला. १८८० मध्ये एका मासिकातल्या नमुन्यावरून फेल्टचा इवलासा हत्ती शिवला, टाचण्या खोचायची उशी म्हणून, ओळखीपाळखीत द्यायला. ज्यांच्या घरी तो गेला तिथल्या पोरांनी तो बळकावला आणि खेळणं करून टाकलं. पुढे त्याच कारखान्यातून अस्वल निघालं, १९०३ च्या लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत मांडलं गेलं आणि जगभर 'टेडी' झालं. मला या गोष्टीतलं अस्वल नको, हत्ती हवा. नमुना दुसऱ्याचा, फेल्ट बाजारातलं, वस्तू साधी, आणि घेणाराने तिचं काय करायचं ते स्वतः ठरवलं.

विकतच्या भेटीचाही इतिहास इथलाच सांगतो. जर्मनीत मातृदिन सुरू झाला १९२३ मध्ये, फूलविक्रेत्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने. हेतू लपवण्याचा कुणी फार प्रयत्नही केला नव्हता. पुढे नाझींनी त्याला सरकारी सोहळ्याचं रूप दिलं. पूर्व जर्मनीत मग मातृदिनाऐवजी ८ मार्चचा महिला दिन मोठा झाला. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक ऐंशी पार केलेल्या आजी राहतात, जन्म ड्रेस्डेनचाच. माझ्या मुलाचं चष्म्याचं घर पाहून त्या आत गेल्या आणि सुया ठेवायची फेल्टची वही घेऊन आल्या. काडेपेटीएवढी. निळं फेल्ट, आत पांढऱ्या फेल्टची तीन पानं, एका कडेने टाचलेली. मुलीने ८ मार्चसाठी शाळेत केलेली. आता मुलगी स्वतः आजी आहे. पांढऱ्या पानांवर सुया टोचून टोचून गंजाच्या बारीक रेघा उमटल्या आहेत, आणि एका पानात अजून तीन सुया होत्या. आजींनी त्यातली एक काढून माझ्या मुलाला दिली. जुनी सुई जास्त गुळगुळीत चालते म्हणे.

ही वही टिकली ती वापरात राहिल्यामुळे. आपल्याकडे मुलाने केलेल्या वस्तूचे दोनच शेवट होतात: एक तर शोकेस, नाही तर दिवाळीची साफसफाई. शोकेस हा जास्त सभ्य शेवट, पण शेवटच. वस्तू वापरली की तिचे दोष कळतात, आणि दोष कळले की पुढची चांगली होते. माझा मुलगा आता काज किती लांब कापायचं ते बटण ठेवून मोजतो. हे त्याला मी शिकवलेलं नाही; माझा चष्मा दोनदा खाली पडलेला त्याने पाहिला आहे.

डिसेंबरात इथे घराघरांच्या खिडक्यांत कागदी चांदण्या पेटतात. हेर्नहूट या जवळच्या गावाचं नाव त्यांना आहे. तिथल्या मोरेव्हियन पंथाच्या वसतिगृहाच्या शाळांत मुलांना भूमिती शिकवायला म्हणून ही अनेक टोकांची चांदणी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मली. त्या मुलांपैकी कित्येकांचे आईबाप मिशनरी म्हणून समुद्रापार असायचे. आमच्या घरात पात्रं उलटी आहेत. आईबाप गडहिंग्लजला आणि लेक समुद्रापार, आणि आजवर त्यांच्याकडे इथून जे गेलं ते सगळं कुठल्या ना कुठल्या ॲपवरून गेलं.

म्हणून आप्पा परत जायच्या आधी मी त्यांच्या कात्रीला फेल्टचं म्यान शिवलं. चाळिशी ओलांडलेला शिंप्याचा मुलगा, आणि ब्लँकेट टाका शिकवायला आठ वर्षांचा गुरू. कात्री कागदावर ठेवून आखली, दोन्ही बाजूंना बोटभर माया सोडली, फेल्टचे दोन तुकडे कापले. कात्रीचं टोक फेल्ट भोसकून बाहेर येणार हे मुलाच्या आधी लक्षात आलं, म्हणून आत खाली जुन्या पट्ट्याच्या चामड्याचा तुकडा घातला. चामड्यातून सुई जाईना, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींकडून टोच्या आणला. टोकाशी दोरा तिहेरी घेतला. आप्पा त्या वेळी शेजारच्याच खोलीत बसून बातम्या बघत होते आणि काही विचारायला जायचं नाही असं आमचं ठरलेलं होतं. दोन गोष्टी नक्की कळल्या. बोटांना काम असलं की डोकं नोकरीतून सुटतं, ही एक. आणि सरळ टाका दिसायला जितका क्षुल्लक, तितका तो घालायला सोपा नाही. आप्पांनी आयुष्यभर जे केलं त्याची किंमत मला त्यांच्या बिलबुकातून कधी कळली नसती.

त्यांनी म्यान उलटं करून आतून पाहिलं, अर्थातच. "कड गोळा झालीया. दोरा लई वडलायस." मग कात्री आत सरकवली, काढली, पुन्हा सरकवली. "बसतीया." बनियन कचऱ्यात गेलं. गडहिंग्लजला कात्री त्यातच असते. फोनवर मी विचारतो, तेव्हा उसवलं नाही असं सांगतात आणि विषय बदलतात.

आता मुद्द्याचं. आपल्या प्राथमिक शाळांना यासाठी फार काही लागत नाही. फेल्टचा एक तुकडा, मोठ्या नेढ्याची सुई, जाड दोरा, बोथट नाकाची कात्री: एका मुलामागे शंभराच्या नोटेत भागेल, आणि फेल्ट नसेल तिथे जुन्या घोंगडीचा किंवा ब्लँकेटचा तुकडा चालेल. आठवड्यातून दोन तास सलग द्यावेत. मुलगे-मुली दोघांना एकच काम. ग्लू गन वर्गात येऊ देऊ नये, कारण ती आली की टाका संपतो. श्रेणी देऊ नये, फोटो ग्रुपवर टाकू नयेत, आणि वस्तू पुरी व्हायच्या आधी घरी पाठवू नये. शिकवायचं कोणी, असा प्रश्न येईल. शिक्षकांच्या डोक्यावर आधीच जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं आहे. पण रेडीमेडमुळे हात रिकामे झालेले शिंपी आज जवळपास प्रत्येक गावात, प्रत्येक पेठेत आहेत. शाळा व्यवस्थापन समितीने त्यांतल्या एखाद्याला रीतसर मानधन देऊन महिन्यातून दोनदा वर्गात बोलवावं, पाहुणे म्हणून नाही, शिकवायला. ज्यांच्या मुलांनी त्यांच्याकडून सुई घेतली नाही, ते दुसऱ्यांच्या मुलांना ती आनंदाने देतील. निदान आमचे आप्पा तरी तयार आहेत, गडहिंग्लजमधल्या कुठल्याही शाळेने विचारावं.

पालकांना विनंती एवढीच: वस्तू घरी आली की ती वापरा, आणि रात्री मूल झोपल्यावर तिचे टाके उसवून सरळ करायला बसू नका.